दिल्लीचं ब्रिटिश मॅगझीन: दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बघून होईल का?

वाघूरकाठ
राम राम मंडळी. भुसावळहून दिल्ली आणि पुढे अमृतसर असा प्रवास आहे. सकाळी नवी दिल्लीला उतरायचं, पुढची गाडी दुपारी साडेचारला, पण ती जुन्या दिल्लीहून. मधे साधारण सहा तास मिळतात. लाल किल्ल्याला तेवढा वेळ पुरणार नाही, म्हणून कश्मीरी गेटजवळचं, १८५७ च्या उठावात उडवलेलं दारूगोळ्याचं कोठार, म्हणजे ‘ब्रिटिश मॅगझीन’, बघावं असा विचार आहे. सोबत आबा (वय ७१, सपाटीवर चालतात, जिने नको) आणि नववीतली पुतणी. तिचा शाळेचा प्रकल्प १८५७ वरच आहे.

तिथे नक्की काय उरलंय? तिकीट, वेळ, आत जाणं कसं? सामान कुठे ठेवावं? आणि उरलेल्या वेळात चालत जाता येईल असं आणखी काय आहे? मेच्या पहिल्या आठवड्यात जाणार आहोत.

पांझरेकर
आधी अपेक्षेचं बोलू, कारण निम्मे लोक तिथून हिरमुसून परत येतात. कोठार उरलेलं नाही. उरलीत ती त्याची दारं. लोथियन रोडच्या मधोमध, दुभाजकाच्या बेटावर, कमानीची दोन जुनी बांधकामं उभी आहेत आणि दोन्ही अंगांनी बस, रिक्षा, हातगाड्या वाहताहेत. पारोळ्याचा खंदकवाला भुईकोट डोक्यात ठेवून गेलात तर फसाल. धुळ्याच्या आग्रा रोडवर मधोमध एखादी जुनी वेस ठेवलीय अशी कल्पना करा, तेवढंच.

तिकीट नाही, कारण तिकीट लावावं असं आत काहीच नाही. भोवती कुंपण आहे, त्यामुळे आत शिरून कमानीखाली उभं राहायला मिळेल असं धरून जाऊ नका. बाहेरून, फूटपाथवरून बघायची वस्तू आहे. नुसती बघायला पाच मिनिटं, समजून घ्यायला अर्धा तास.

पत्ता विचारताना ‘मॅगझीन’ म्हणू नका, पेपरच्या टपरीकडे बोट दाखवतील. ‘कश्मीरी गेट जीपीओ’ विचारा, म्हणजे जुनं मोठं पोस्ट ऑफिस. ते कोठाराच्याच आवारात उभं राहिलंय. दारं रस्त्याच्या मधे का, याचंही उत्तर त्यातच आहे. मूळ आवार बरंच मोठं होतं. ते मोडलं, जागेवर कचेऱ्या आल्या, मधून रस्ता गेला आणि दारं तेवढी राखली गेली. म्हणून बेटावर उभं राहून ‘हे एवढंसं कोठार?’ असं वाटून घेऊ नका. दोन्ही फूटपाथ, पोस्ट आणि मधला रस्ता एकत्र धरला की मग आकार ध्यानात येतो.

बघण्यासारखी खरी वस्तू म्हणजे फलक, आणि तेही दोन. वरचा इंग्रज सरकारचा. त्यात नऊ ‘निश्चयी इंग्रजांची’ नावं आहेत. चार तासांहून जास्त वेळ त्यांनी कोठार राखलं, समोरचे तट चढून आले, मदतीची आशा सुटली तेव्हा त्यांनी कोठारच उडवलं, त्यात पाच जण गेले आणि शत्रूचेही पुष्कळ मेले, असा मजकूर. समोरच्यांना त्यात बंडखोर म्हटलंय. त्याच्याखाली स्वातंत्र्यानंतर लावलेला छोटा फलक आहे. तो म्हणतो, वर ज्यांना बंडखोर म्हटलंय ते कंपनीच्या फौजेतले हिंदी लोक होते आणि परकी सरकार उलथवायला निघाले होते. जुना फलक उखडला नाही, खाली उत्तर लिहिलं. पुतणीच्या प्रकल्पाला हे दोन फलक एकत्र टिपले तर तेवढ्यावरच चार पानं होतील. फलक उंचावर आहेत, फोनचा झूम लागतो. घरात छोटी दुर्बीण असेल तर न्या.

आता घडलं काय ते, म्हणजे कमानी बघताना नजरेला काम मिळेल. ११ मे १८५७, सोमवार, रमजानचा महिना. मीरतहून निघालेले शिपाई सकाळी यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावरून शहरात आले. कोठाराचा ताबा लेफ्टनंट विलोबीकडे, सोबत आठ गोरे. त्यांनी दारं बंद केली आणि दारांच्या आतल्या बाजूला सहा पौंडी तोफा आणून लावल्या, प्रत्येकीत छर्ऱ्याचा दुप्पट भरणा. बारुदीच्या साठ्यापासून अंगणातल्या एका लिंबाच्या झाडापर्यंत (खायच्या लिंबाचं, आपला कडुनिंब नव्हे) बारुदीची रेघ ओढली आणि झाडाशी स्कली नावाचा माणूस बत्ती घेऊन उभा केला. विलोबीने हुकूम द्यायचा, आठांपैकी बकलीने टोपी उंच करायची, ते बघून स्कलीने बत्ती लावायची, असा इशारा ठरला. आतले हिंदी नोकर उतरत्या छपरांवर चढून तटावरून बाहेर पडले. मग शिड्या लागल्या. दुपारी साडेतीनच्या सुमाराला टोपी वर गेली.

नऊपैकी चार जण स्फोटातून बाहेर आले. विलोबी त्यातला एक, पण मीरतच्या वाटेवर तो मारला गेला.

फलकावर नसलेली एक गोष्ट लिहून ठेवा. या स्फोटाने दिल्लीचा दारूगोळा संपला नाही. बारुदीचा मोठा साठा आधीच शहराबाहेर, छावणीच्या बाजूच्या नदीकाठच्या कोठारात हलवलेला होता, तो शिपायांना आयता मिळाला. शहरातल्या या कोठारातल्याही पुष्कळ तोफा आणि गोळे शाबूत राहिले. जून ते सप्टेंबर दिल्लीचा वेढा चालला तेव्हा तटावरून इंग्रजांवर त्याच तोफा सुटत होत्या.

भुसावळ_यार्ड
वर इतिहास झाला, आता सामानाचं बोलतो. इथेच सगळ्यांचा वेळ जातो भो.

सामान उतरायच्या स्टेशनावर ठेवू नका. जिथून पुढची गाडी आहे तिथे ठेवा. नवी दिल्लीच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवल्या तर दुपारी कश्मीरी गेटहून उलटं नवी दिल्लीला, तिथून परत जुन्या दिल्लीला, हा फेरा वाढतो आणि नेमका साडेतीन-चारला वाढतो. उतरलात की बॅगांसकट सरळ जुन्या दिल्लीला जा, म्हणजे फलाटावर जिला ‘दिल्ली जंक्शन’ लिहिलेलं असतं ती.

नवी दिल्ली स्टेशनात अजमेरी गेटच्या बाजूने बाहेर पडा, मेट्रो तिकडे आहे. पहाडगंजकडे गेलात तर सामान घेऊन अख्खं स्टेशन परत ओलांडायचं. पिवळी लाईन घ्या. नवी दिल्ली, चावडी बाजार, चांदनी चौक, कश्मीरी गेट असा क्रम. जुन्या दिल्ली स्टेशनाला चांदनी चौकला उतरायचं, म्हणजे दुसरं स्टेशन.

क्लोकरूमला चार गोष्टी लागतात. प्रवासाचं तिकीट, ओळखपत्र, सुट्टे पैसे आणि प्रत्येक नगाला कुलूप. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. बाहेर कुलूपवाले असतात पण भाव तसाच. भुसावळलाच तीन छोटी कुलपं घेऊन ठेवा. शिवलेलं पोतं, दोरीने बांधलेली खोकी नेऊ नका. डब्यातली भाकरी, लोणचं बॅगेत ठेवून बॅग जमा करू नका. खायचं सोबतच्या पिशवीत.

मेट्रोत बॅग यंत्रातून जाते. आबा सुपारी खात असतील तर अडकित्ता खिशात ठेवू नका, नावाप्रमाणे तिथेच अडकतो. कुलूपबंद बॅगेच्या तळाशी टाकलात तरी यंत्रात दिसतो आणि उघडून दाखवायला लावू शकतात. सरळ घरी ठेवा, कातरलेली सुपारी न्या. सामानाची मर्यादा माणशी एक बॅग, २५ किलोपर्यंत. सकाळी कचेरीच्या वेळेला मोठी बॅग घेऊन डब्यात शिरणं जड जातं, दोन गाड्या सोडाव्या लागल्या तर सोडा. गाडीच्या दिशेने पहिला डबा बायकांचा. पुतणी घाईत तिकडे चढली आणि तुम्ही मागे, असं करू नका.

आणखी एक. तुमची गाडी नवी दिल्लीऐवजी निजामुद्दीनला जाणारी असेल (गोवा एक्सप्रेस, मंगला वगैरे) तर हिशेब बदलतो. तिथून गुलाबी लाईन सराय काले खाँहून लाजपत नगरपर्यंत, तिथे जांभळी लाईन धरून लाल किला किंवा कश्मीरी गेट. वाटेत विनोबापुरी नावाचं स्टेशन लागतं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीता सांगणारे तेच विनोबा.

मेमध्ये जाताय म्हणजे धुक्याची भीती नाही. डिसेंबर-जानेवारीत हाच प्रश्न विचारला असता तर ‘कोठार विसरा’ सांगितलं असतं. आग्रा-मथुरा पट्ट्यात धुकं बसलं की सहा तासांतले चार गाडीतच जातात.

सातमाळा
मंडळी, माझं मत थोडं वेगळं. १८५७ च्या आधीची लहानशी लष्करी इमारत आख्खी बघायची असेल तर मॅगझीन नव्हे, फ्लॅगस्टाफ टॉवर बघा. उत्तरेकडच्या टेकडीवर, म्हणजे रिजवर, १८२८ ची. गोल बुरूज, वर कंगोरे. तेव्हा छावणी टेकडीच्या पलीकडे होती आणि निशाण उंचावरून दिसावं म्हणून ही जागा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आत सहसा सोडत नाहीत, पण चारी बाजूंनी फिरून बघता येते आणि भोवती गाड्यांची वर्दळ नाही.

११ मेच्या दुपारी शहरातून, छावणीतून पळालेली गोरी बायकामुलं याच बुरुजात कोंडून बसली होती. मे महिना, आत एकच गोल खोली. बुरुजाच्या भिंतीला हात लावून उभं राहिलं की ती गर्दी कल्पनेत येते. ३८, ५४ आणि ७४ या तीन पलटणी तेव्हा दिल्लीत होत्या, तिन्ही हिंदी पायदळाच्या. मीरतहून गोरी फौज येईल म्हणून वाट बघितली, कोणी आलं नाही. संध्याकाळी सगळे कर्नालच्या दिशेने निघाले. कोठाराचा स्फोट त्यांनी इथून ऐकला. त्यामुळे दोन्ही जागा एकाच दिवसाच्या दोन टोकांसारख्या आहेत.

जायचं विश्वविद्यालय स्टेशनावरून. पिवळीच लाईन, कश्मीरी गेटनंतर सिव्हिल लाइन्स, विधानसभा, मग विश्वविद्यालय. तिथून बुरुजापर्यंत आबांसाठी ई-रिक्षा करा, पण रिजच्या फाटकापर्यंतच. आत गाड्या सोडत नाहीत.

माकडांबद्दल गंभीरपणे सांगतो. रिजवर त्यांचं राज्य आहे. प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती खायचीच समजतात आणि हातातून ओढतात. केळी तर काढूच नका, मग ती रावेरची असोत की दिल्लीची. भाकरी-ठेचा बंद चेनच्या पाठपिशवीत, पिशवी पुढे छातीवर. माकड समोर बसलं तर डोळ्याला डोळा देऊ नका, दात दाखवून हसू नका, पळू नका. बाजूने शांत निघा.

ज्यांच्याकडे पूर्ण दिवस आहे त्यांनी बुरुजापासून रिजच्या रस्त्याने दक्षिणेकडे चालत यावं. वाटेत चौबुर्जी लागते, तुघलक काळातली. पुढे हिंदूराव रुग्णालय. हे नाव मराठी माणसाने थांबून वाचावं. हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. टेकडीवरचं त्यांचं घर वेढ्यात इंग्रजांचं सगळ्यात महत्त्वाचं ठाणं झालं, गुरख्यांची सिरमूर पलटण तिथे बसलेली. रुग्णालयाजवळ अशोकाचा स्तंभ. फिरोजशहा तुघलकाने तो मीरतहून आणला, पुढे एका बारुदीच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, १८६७ मध्ये ते जोडून परत उभा केला. शेवटी १८६३ चं लाल दगडाचं उंच स्मारक, आता नाव अजितगड. तिथेही इंग्रजांच्या फलकाला उत्तर देणारा फलक आहे, १९७२ चा. उतरून पुल बंगश स्टेशन, लाल लाईनने दोन स्टेशनं की कश्मीरी गेट.

पांझरेकर
@सातमाळा, बुरूज चांगलाच आहे, वाद नाही. पण मे महिना, ७१ वर्षांचे आबा, साडेचारची गाडी. रिजवर भर उन्हात तीन किलोमीटर चालवू नका माणसाला. दिल्ली शे ती, आपलं धुये नही, इथल्यासारखी संध्याकाळी पांझरेवरून गार झुळूक येत नाही.

@वाघूरकाठ, तुमच्यासाठी सरळ रेषेतला रस्ता देतो. सगळं सपाट, जुन्या दिल्ली स्टेशनापासून उत्तरेला, एकूण चालणं दीड-दोन किलोमीटर.

सामान जमा करून स्टेशनाच्या कश्मीरी गेट बाजूने बाहेर पडा. चांदनी चौकाच्या दाराने पडलात तर रुळांना वळसा पडतो. पूर्वेकडे लोथियन रोडला लागलात की रेल्वेच्या पुलापाशी लोथियन कब्रस्तान आहे, दिल्लीतल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकी एक. वेळ असेल तर डोकवा, नाहीतर सोडा. मग उत्तरेकडे वळलात की मॅगझीनची दारं. जवळच राखाडी ग्रॅनाइटचा खांब दिसेल, ते १९०२ चं तारघराचं स्मारक. ११ मेला दिल्लीच्या तारघरातल्या पोरांनी अंबाल्याला खबर पाठवली, त्यामुळे पंजाबातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हात-पाय हलवायला वेळ मिळाला. त्याच दिवशी सकाळी मीरतची तार का तुटली हे बघायला नदीपलीकडे गेलेला टॉड नावाचा तारबाबू परत आला नाही. प्रकल्पात मॅगझीनपेक्षा हा खांब जास्त कामाचा ठरेल असं मला वाटतं. बंडाची बातमी तारेने पळवली गेली, याचा पुरावा म्हणून आख्ख्या दिल्लीत एवढी एकच वस्तू उघड्यावर उभी आहे.

पुढे आंबेडकर विद्यापीठाच्या आवारात शहाजहानचा मुलगा दारा शुकोह याचं ग्रंथालय. समोरून गोल खांबांची इंग्रजी इमारत, मागे गेलं की मुघल कमानी, कारण इंग्रज रेसिडेंटने, म्हणजे कंपनीच्या दिल्लीतल्या प्रतिनिधीने, मुघल इमारतीला नुसतं नवं तोंड लावलं. आत आता फाळणीचं संग्रहालय आहे. आबांना बसायला, पाणी प्यायला हीच जागा ठेवा. जाण्याच्या दिवशी सोमवार येत नाही ना, ते बघा. दिल्लीतली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, लाल किल्लाही.

मग सेंट जेम्स चर्च, १८३६ चं, स्किनरने बांधवलेलं. बाहेरून बघून पुढे. शेवटी कश्मीरी दरवाजा. इथे मात्र घाई करू नका.

हा दरवाजा दुहेरी आहे, जायला एक कमान, यायला एक. १८३५ मध्ये इंग्रजांनीच तो नव्याने बांधला, आणि बावीस वर्षांनी त्यांनाच तो फोडावा लागला. १४ सप्टेंबर १८५७ च्या सकाळी होम आणि साल्केल्ड या दोन इंजिनिअर अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक तुकडी पुढे धावली. प्रत्येकाकडे २५ पौंड बारुदीची पिशवी. पिशव्या फळीशी रचायच्या, वर वाळूची पिशवी दाबायची म्हणजे धक्का मागे न येता दाराकडे जाईल, मग बत्ती. समोरून गोळ्या चालू असताना हे काम एकाच्या हातून पुरं होत नव्हतं. बत्ती लावणारा पडला की दुसरा, तो पडला की तिसरा. उजव्या हाताचं दार उडालं. या माणसांच्या नावाचा फलक तिथे आहे, १८७६ चा. भिंतीवर गोळ्यांचे खळगे अजून दिसतात. ते तोफगोळ्यांचे आहेत, पडझडीचे नाहीत. फरक ओळखायचा तर कडा बघा. गोळ्याचा खळगा वाटीसारखा गोल, बाहेरच्या विटा चुरडलेल्या. गिलावा नुसता पडला असेल तर चपटा पोपडा जातो.

मॅगझीनला कोठार हाती पडू नये म्हणून बारूद आतून लावली, इथे दार फोडायला बाहेरून. दोन्हीत साधारण एका किलोमीटरचं अंतर आणि चार महिन्यांचा काळ. पुतणीला एवढं दाखवलंत तर प्रकल्पाचा नकाशा आपोआप तयार होतो.

कश्मीरी गेटचं मेट्रो स्टेशन इथून जवळ. परत स्टेशनाला जायला एकच स्टेशन मागे, चांदनी चौक. कश्मीरी गेट स्टेशन तीन लाईनींचं आहे, आत जिने आणि चालणं बरंच. आबांसाठी लिफ्ट शोधा, किंवा सरळ ई-रिक्षाने रेल्वे स्टेशनला या.

गिरणामाई
एक दुरुस्ती, कारण प्रकल्पात चुकीचं जायला नको. ‘कोठारातल्या नऊही जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला’ (इंग्रज फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक) असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तिघांना मिळाला: बकली, फॉरेस्ट आणि रेनॉर. मेलेल्यांना ते पदक तेव्हा देत नसत, म्हणून विलोबी आणि स्फोटात गेलेले पाच जण त्यात नाहीत. रेनॉर तेव्हा ६१ वर्षांचा होता. हे पदक मिळवणारा तोच आजवरचा सगळ्यात म्हातारा माणूस.

दुसरं, ताई असाल की दादा माहीत नाही, पण पुतणीला सांगा की प्रकल्प दिल्लीत सुरू होऊन दिल्लीतच संपवू नकोस. खान्देशातला १८५७ जोडला तर गुरुजी खूश होतील आणि ते खरंही होईल. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती त्या खाजा नाईकाने नोव्हेंबर १८५७ मध्ये घाटातून जाणारा सरकारी खजिना लुटला, रक्कम सात लाखांची. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात भिल्ल आणि इंग्रज यांच्यात अंबापाणीची लढाई झाली. आणि त्याच भिल्लांना आवरायला त्याच्या कितीतरी आधी, १८२५ मध्ये, औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली ती आपल्या धरणगावात. सुरत-भुसावळ लाईनवरचं स्टेशन, जळगावहून अर्धा-पाऊण तास. औट्रमचा बंगला पुढे कोर्टाच्या कामाला वापरला गेला. चाळीसगाव-कन्नड घाटाला औट्रम घाट म्हणतात तो हाच. दिल्लीच्या नोंदींशेजारी या चार ओळी आल्या तर दोन्हीकडच्या लढाया एकाच उठावातल्या आहेत हे तिला स्वतःच दिसेल.

फोटोबद्दल थोडं. दुभाजकाच्या कडेला उभं राहून फोटो काढू नका, एका बाजूची गाडी सांभाळताना दुसऱ्या बाजूची लागते. पोस्टाच्या फूटपाथवरून झूम करा. रविवारी गेलात तर कश्मीरी गेटचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार बंद असतो, गर्दी निम्मी होते. इतर दिवशी सकाळी दहाच्या आत.

वाघूरकाठ
सगळ्यांचे आभार, फार कामाचं लिहिलंत. रविवारीच पोहोचतोय. दादा आहे मी, गिरणामाई. :) रिज या खेपेला नाही, येताना दिल्लीत एक मुक्काम आहे, तेव्हा एकटा पहाटे जाईन. दोनच शंका उरल्या. स्टेशन ते कश्मीरी दरवाजा सगळं मिळून किती वेळ धरू? आणि मेच्या उन्हात सुरुवात मॅगझीनपासून करू की दरवाजापासून?

पांझरेकर
गाडी वेळेवर आली आणि दहाला सामान जमा झालं असं धरा. मॅगझीन आणि तारेचा खांब मिळून पाऊण तास, ग्रंथालय-संग्रहालय दीड तास (मधलं ऊन सावलीत जातं ते बरंच), चर्च बाहेरून दहा मिनिटं, दरवाजा पाऊण तास. चालणं-थांबणं धरून दोनच्या सुमाराला मोकळे. स्टेशनला अडीच-पावणेतीनला पोहोचा. क्लोकरूमला परत रांग असते आणि फलाट उशिरा जाहीर होतो.

मॅगझीनपासूनच सुरू करा. तिथे बेटावर सावली नाही, ते सकाळी उरका. दरवाजाच्या कमानीखाली भर दुपारीही सावली मिळते.

भुसावळ_यार्ड
गाडी दोन तास लेट झाली तर संग्रहालय काढा, बाकी तसंच राहू द्या. चार तास लेट झाली तर बॅगा जमा करून फक्त मॅगझीन बघा, स्टेशनातून रिक्षाने जाऊन रिक्षानेच परत. तीच रिक्षा उभी ठेवा, परतीची शोधत बसू नका. आणि कुलपाच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवू नका. एक जुडगं आबांकडे, एक तुमच्याकडे.